ताश्कंदमधली सोव्हिएत वारसा फेरी: मार्ग, वेळ, मेट्रो आणि गाइडची पारख

प्रश्न थोडक्यात असा आहे: ताश्कंदमध्ये दोन दिवस आहेत, सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आहेत, आणि समरकंद-बुखाऱ्याला जाण्याआधी शहरातला सोव्हिएत काळातला वारसा पायी फिरून पाहायचा आहे. गाइडसह होणारी टूर घ्यावी का, कोणता मार्ग धरावा आणि कुठे फसगत होते?

गाइड जरूर घ्या, पण दोन्ही दिवसांसाठी नको. पहिल्या दिवशी सकाळचे तीन-साडेतीन तास गाइड ठेवा, बाकीचं तुम्ही स्वतः फिरू शकाल. समरकंदचा रेगिस्तान हा मदरशांचा चौक समोर आला की तो कुणी न सांगताही थक्क करतं. ताश्कंदच्या इमारतींचं तसं नाही. पहिल्या नजरेला ते काँक्रीटचे मोठे ठोकळे आणि रुंद रस्ते वाटतात. ते का बांधले, कुणी बांधले आणि त्याआधी तिथे काय होतं हे कळलं की मग शहर उलगडायला लागतं.

सुरुवात भूकंपापासून करावी लागते. २६ एप्रिल १९६६, पहाटे ५ वाजून २३ मिनिटं. तीव्रता पाचाच्या थोडी वर, म्हणजे आकड्यात फार मोठी नाही, पण केंद्रबिंदू थेट शहराच्या पोटाखाली आणि जेमतेम काही किलोमीटर खोल. धक्का खालून वर बसला. मातीच्या विटांची घरं भेगाळली, खचली. मृतांचा अधिकृत आकडा दहाच्याही आत होता, पण सुमारे तीन लाख माणसं बेघर झाली. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांतून बांधकामाच्या तुकड्या आल्या आणि नवे मोहल्ले उभे राहिले. आपल्याला ताश्कंद माहीत आहे ते शास्त्रीजींमुळे. १० जानेवारी १९६६ ला करार झाला आणि ११ च्या पहाटे त्यांचं निधन झालं. म्हणजे त्यांनी पाहिलेलं ताश्कंद पुढे साडेतीन महिनेच तसं राहिलं. तुम्ही पाहणार आहात ते बऱ्याच अंशी त्यानंतरचं.

इथेच पहिली गल्लत होते. बऱ्याच टूरमध्ये ‘भूकंपाने सगळं शहर जमीनदोस्त झालं, मग सोव्हिएत सरकारने नवं बांधलं’ असं एका दमात सांगून टाकतात. ते पुरतं खरं नाही. अनेक घरं दुरुस्त होण्याजोगी होती. शहराची फेररचना करण्याचे आराखडे भूकंपाआधीपासून तयार होते, आणि भूकंपानंतर ते राबवायला मोकळीक मिळाली. जुन्या वस्त्यांचा मोठा भाग धक्क्याने पडला नाही, बुलडोझरने पाडला. जो गाइड हे दोन्ही सांगतो तो चांगला. गाइड ठरवताना त्याला हाच प्रश्न विचारा: ‘भूकंपाने किती पडलं आणि नंतर किती पाडलं?’ उत्तर देताना तो जरा थांबला, वस्तीनुसार वेगवेगळं सांगू लागला, तर खुशाल पैसे द्या.

आता मार्ग. पहिल्या दिवसाची चाल साधारण चार किलोमीटरची आहे, सगळी सपाटीवर. सकाळी साडेआठला सुरू केली तर बाराच्या आत संपते. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे उत्तम महिने. जून ते ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि तिथले चौक इतके उघडे आणि विस्तीर्ण आहेत की एका चौकातून पलीकडे जाईपर्यंत थकवा येतो. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी सातला निघा, दुपारी मेट्रोत उतरा आणि उरलेलं सहानंतर पाहा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी लवकर उठायला त्रास होत नाही.

अमीर तैमूर चौकात ‘हॉटेल उझबेकिस्तान’समोर सुरुवात करा. १९७४ ची ही सतरा मजली इमारत उघडलेल्या पुस्तकासारखी किंचित वाकलेली आहे आणि तिच्या अख्ख्या दर्शनी भागावर काँक्रीटची जाळी आहे. या जाळीला तिथे ‘पंजरा’ म्हणतात. मध्य आशियातल्या जुन्या घरांत लाकडी किंवा गचाच्या (कोरीव गिलाव्याच्या) जाळ्या असत, त्यांचा हा काँक्रीटमधला अवतार. दिवसभरात ही जाळी तुम्हाला वारंवार भेटणार आहे, म्हणून ती कशी वाचायची ते इथेच शिकून घ्या. पहिलं म्हणजे जाळी आणि काच यांच्यात किती अंतर आहे ते पाहा. हात-दीड हात अंतर असेल तर जाळी खरोखर ऊन अडवते आणि मधून हवा खेळते. काचेला चिकटून असेल तर ती मुख्यतः शोभेची. दुसरं म्हणजे उत्तरेच्या बाजूलाही तशीच जाळी आहे का ते पाहा. उत्तरेला कडक ऊन लागत नाही, मग तिथली जाळी कशासाठी? ती ‘ही इमारत मॉस्कोची नाही, इथली आहे’ हे सांगण्यासाठी. ऊन आणि ओळख, दोन्ही कारणं खरी आहेत, आणि कोणत्या इमारतीत कोणतं कारण वरचढ ठरलं हे ओळखणं हाच या फेरीचा गाभा आहे.

फोटोची अडचण आधीच सांगतो. हॉटेल चौकाच्या पूर्वेला आहे आणि तोंड पश्चिमेला. सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे असतो, त्यामुळे दर्शनी भाग काळवंडलेला येतो. दुपारी चारनंतर तिरकं ऊन जाळीवर पडतं आणि प्रत्येक खणाची सावली उठून दिसते. सकाळी फक्त पाहा, फोटोसाठी संध्याकाळी परत या.

चौकाच्या मधोमध आता घोड्यावरचा तैमूर आहे, तो १९९३ चा. त्याच चौकात आधी झारशाहीतल्या गव्हर्नर जनरलचं स्मारक होतं, पुढे स्टालिन, त्यानंतर कार्ल मार्क्सचं डोकं. एकाच जागेवर सत्ता कशी बदलत गेली ते सांगायला याहून सोपी जागा शहरात नाही, म्हणून गाइडला इथे पाच मिनिटं जास्त द्या. इथले जुने, प्रचंड चिनार २००९ मध्ये तोडले गेले. शहरातल्या जुन्या माणसांना ते अजून सलतं. नकाशावर बाग दिसते म्हणून दाट सावली मिळेल असं धरून चालू नका.

जवळच दोन घड्याळमनोरे आहेत, अगदी सारखे. त्यातला एकच जुना आहे, १९४७ चा. त्याचं यंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व प्रशियातल्या आलेनश्टाइन गावातून आणलेलं. दुसरा मनोरा २००९ मध्ये जोडीला बांधला. पाटी न वाचता दोन्ही सोव्हिएत समजून लोक पुढे जातात.

इथून नैऋत्येला साधारण पंधरा मिनिटं चाललं की अलीशेर नवोई ऑपेरा थिएटर येतं. याला घाई करू नका. मॉस्कोतल्या लेनिनच्या समाधीचा वास्तुकार अलेक्सेई श्चुसेव याचं हे काम, १९४७ मध्ये खुलं झालेलं. आतली सहा दालनं ताश्कंद, समरकंद, बुखारा, ख्वारिझम, फरगाणा आणि तेरमेझ अशा सहा प्रांतांच्या कारागिरीला वाहिलेली आहेत. गच म्हणजे तिथला कोरीव गिलावा, आणि तो स्थानिक उस्तादांनी केलेला आहे. युद्धानंतर पकडून आणलेल्या जपानी कैद्यांनीही या बांधकामावर राबून काम केलं, त्यांची आठवण सांगणारा फलक बाहेरच्या भिंतीवर आहे, तो आवर्जून शोधा. १९६६ च्या धक्क्यात ही इमारत उभी राहिली. दिवसा आत सोडत नाहीत. आतली दालनं पाहायची असतील तर संध्याकाळच्या प्रयोगाचं सर्वांत स्वस्त तिकीट काढा आणि अर्धा तास आधी पोचा. मध्यंतरात सहाही दालनं फिरून होतात. मोसम उन्हाळ्यात बंद असतो, तेव्हा तारखा आधी बघून घ्या.

थिएटरपासून थोड्याच अंतरावर उझबेकिस्तानचं राज्य इतिहास संग्रहालय आहे. मूळची ही लेनिन संग्रहालयाची शाखा, १९७० साली, लेनिनच्या जन्मशताब्दीला उघडलेली. येवगेनी रोझानोव आणि व्सेवोलोद शेस्तोपालोव यांच्या गटाने आखलेला पांढऱ्या जाळीने गुंडाळलेला चौकोनी ठोकळा. हॉटेलपाशी शिकलेली कसोटी इथे लावून पाहा. जाळी सर्व बाजूंना सारखी आहे, म्हणजे उन्हाचं गणित इथे दुय्यम आहे. लेनिनच्या नावाची इमारत इस्लामी भूमितीची नक्षी पांघरून उभी आहे. सोव्हिएत सत्तेला मध्य आशियात स्वतःला कसं दाखवायचं होतं ते एका भिंतीवर वाचायचं असेल तर हीच ती भिंत. संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि कधी दुरुस्तीसाठीही बंद ठेवतात. आत जाणार असाल तर आदल्या दिवशी चौकशी करा. बाहेरून पाहायला मात्र कोणताही दिवस चालतो.

शरफ रशिदोव रस्त्याने पुढे जाताना ‘निळे घुमट’ हा १९७० चा कॅफे लागतो. भूकंपानंतरच्या नव्या शहरातल्या सुरुवातीच्या सार्वजनिक इमारतींपैकी हा एक. चहाला थांबायची ही योग्य जागा. आई-बाबांना इथे वीस मिनिटं बसू द्या, कारण पुढचा टप्पा उघड्यावरचा आहे.

स्वातंत्र्य चौक म्हणजे मुस्तकिल्लिक मैदान, पूर्वीचा लेनिन चौक. १९९२ मध्ये लेनिनचा प्रचंड पुतळा उतरवला आणि त्या जागी उझबेकिस्तानचा नकाशा कोरलेला सोनेरी गोल आला. आजूबाजूला सरकारी इमारती आहेत, पहारा असतो. पहारेकरी आणि फाटकं यांचे फोटो काढू नका. सरकारी समारंभाच्या दिवसांत, विशेषतः १ सप्टेंबरच्या स्वातंत्र्यदिनाच्या आधी, चौकाचा भाग बंद करतात. असं झालं तर अडून बसण्यात अर्थ नाही, अन्होर कालव्याच्या काठाने उत्तरेला निघा. हा कालवाच जुन्या उझबेक शहराची आणि १८६५ नंतर रशियनांनी वसवलेल्या नव्या शहराची सीमा होता. काठाने सावली आहे, चालायला सुख वाटतं.

कालव्याच्या काठाजवळच ‘धैर्याचं स्मारक’ आहे. १९७६ चं, शिल्पकार दमित्री र्याबिचेव. काळ्या दगडाच्या घनावर भूकंपाची तारीख आणि वेळ कोरलेली, त्या घनाला तडा गेलेला, आणि तो तडा जमिनीवरून पुढे बाई, मूल आणि त्यांना पाठीशी घालणारा पुरुष यांच्या पायांपर्यंत येतो. मागच्या बाजूला शहर पुन्हा बांधणाऱ्यांचे ब्राँझचे फलक आहेत. तड्याच्या रेषेवरून चालत जा, मगच पुतळ्याकडे वर पाहा. शिल्पाची रचनाच त्या क्रमासाठी केलेली आहे, आणि बसमधून उतरून थेट पुतळ्यासमोर उभं राहणाऱ्यांना ती कळत नाही. शनिवार-रविवारी नवविवाहित जोडपी इथे फुलं वाहायला येतात, त्यांना जागा द्या.

फेरी इथे संपवून जवळच्या अब्दुल्ला कादिरी मेट्रो स्थानकाकडे जा. या नावावरून चांगल्या गाइडची आणखी एक परीक्षा घेता येते. कादिरी हे आधुनिक उझबेक कादंबरीचे आद्य लेखक. ४ ऑक्टोबर १९३८ रोजी स्टालिनच्या दमनात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या, कवी चोल्पान यांनाही त्याच दिवशी. सोव्हिएत वारसा म्हणून फक्त मोझेक आणि झुंबरं दाखवणारी टूर अर्धीच गोष्ट सांगते. त्याच राजवटीने उझबेक लेखकांची एक पिढी संपवली आणि पुढे सगळी शेती कापसाला जुंपली. टीव्ही मनोऱ्याजवळ दमनाच्या बळींचं स्मारक आणि संग्रहालय आहे, बोदोमझोर स्थानकापासून चालत जाता येतं. वेळ असेल तर ते दुसऱ्या दिवशी घ्या. तिथे जाऊन आल्यावर मधल्या चौकांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहतो.

आता मेट्रो. हा भाग सर्वांत समृद्ध आहे आणि गोंधळही इथेच सर्वांत जास्त होतो, म्हणून जरा सविस्तर.

ताश्कंदची मेट्रो ६ नोव्हेंबर १९७७ ला सुरू झाली, मध्य आशियातली पहिली आणि सोव्हिएत संघातली सातवी. भूकंपानंतर अकरा वर्षांत तयार झालेली असल्याने तीव्र हादरे सोसण्याच्या हिशोबाने बांधली आहे. स्थानकं उथळ आहेत, मॉस्कोसारखे लांबलचक सरकते जिने नाहीत. पण याचा अर्थ चढ-उतार नाही असा नव्हे. अनेक ठिकाणी साधे दगडी जिने आहेत आणि लिफ्ट सगळीकडे मिळेल असं नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर खाली सांगितलेल्या सगळ्या स्थानकांवर बाहेर पडू नका. फलाटावर उतरा, पाहा आणि पुढची गाडी पकडा. बाहेर न पडता कितीही वेळ फिरलं तरी तिकीट एकच लागतं. फाटकावर संपर्करहित व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवून आत जाता येतं. कार्ड परदेशी व्यवहारांसाठी चालू केलं आहे ना, हे भारतातून निघण्याआधी बघा. प्रवेशापाशी पिशव्या तपासतात, पासपोर्ट जवळ ठेवा.

फोटोवर २०१८ पर्यंत बंदी होती, कारण स्थानकं हल्ल्यात आसरा घेण्याच्या जागा म्हणूनही बांधलेली होती. आता फोटो चालतात. तिपाई लावू नका, गाडी चालकाच्या तोंडावर फ्लॅश मारू नका. भित्तिचित्रं बहुतेक वेळा रुळांपलीकडच्या भिंतीवर असतात. गाडी उभी असताना ती झाकली जातात, म्हणून गाडी सुटू द्या आणि फलाट रिकामा होतो त्या अर्ध्या मिनिटात फोटो घ्या. सकाळी आठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते सात टाळा.

गोंधळाचं मूळ हे की जिथे मार्ग बदलतात तिथे एकाच ठिकाणाला दोन नावं आहेत, प्रत्येक मार्गावर वेगळं. अमीर तैमूर खियाबानी म्हणजेच दुसऱ्या मार्गावर युनूस रजबी. पाख्ताकोर म्हणजेच अलीशेर नवोई. ओयबेक म्हणजेच मिंग ओरिक. हे तीन जोड लिहून ठेवले तर चुकणार नाही. शिवाय जुनी माणसं, कधी गाइडसुद्धा, सोव्हिएत नावं वापरतात: मुस्तकिल्लिक मैदानला लेनिन चौक, अमीर तैमूर खियाबानीला ऑक्टोबर क्रांती.

क्रम असा ठेवा. अब्दुल्ला कादिरीहून एक स्थानक युनूस रजबीला, तिथे मार्ग बदलून अमीर तैमूर खियाबानी. पुढचं स्थानक मुस्तकिल्लिक मैदान: संगमरवरी खांब, झुंबरं आणि जमिनीवर ताऱ्यांची नक्षी. मूळ लेनिन चौकाखालचं स्थानक म्हणून ते सगळ्यांत राजेशाही. पुढे पाख्ताकोर, म्हणजे कापूस पिकवणारा. भिंतींवर कापसाच्या बोंडांचं मोझेक आहे. सुंदर आहेच, पण याच पिकासाठी नद्या वळवल्या गेल्या आणि अरल समुद्र आटला, हेही त्या भिंतीसमोर गाइडने सांगायला हवं. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला कापसाचं हे प्रकरण वेगळं समजावून द्यावं लागणार नाही.

पाख्ताकोरहून जोडमार्गाने अलीशेर नवोईला या. छतावर नक्षीदार घुमटांची रांग आहे, भिंतींवर नवोईच्या काव्यांतले प्रसंग. तिथून दोन स्थानकं पुढे कोस्मोनाव्तलार, म्हणजे अंतराळवीर, डिसेंबर १९८४ चं. वास्तुकार सेर्गो सुत्यागिन. भिंतींचा निळा रंग गडद होत काळ्यात विरतो, त्यावर गोल चित्रफलकांत गागारिन, तेरेश्कोवा, ताश्कंद परिसरात जन्मलेला अंतराळवीर जानिबेकोव, आणि त्यांच्या रांगेत पंधराव्या शतकातला खगोलज्ञ उलूग बेग. आपले राकेश शर्मा त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोयूझमधून अंतराळात गेले होते. इथे तीन-चार गाड्या सोडा. पहिल्या फेरीत लोक फक्त गागारिनचा फोटो काढून निघतात आणि छत बघायचंच राहून जातं.

मग उलट दिशेने चोर्सूला. मेट्रोचा हा सगळा फेरा आरामात केला तर दीड तास लागतो.

चोर्सू बाजाराचा निळा घुमट १९८० चा आहे, काळ सोव्हिएत नेते ब्रेझनेव यांचा आणि रूप बाजाराच्या जुन्या घुमटांचं. आत जाऊन वरच्या सज्जावर चढा. छताचं काँक्रीट आणि खालची वर्तुळाकार दुकानं एकत्र दिसतात ती फक्त तिथून. खाली मटणाचा विभाग असतो, वास सहन होत नसेल तर थेट जिन्याकडे जा. शाकाहारी माणसांसाठी बाहेर तंदूरातली गरम नान, टोमॅटो-कांद्याची अचिचूक, फळं, सुका मेवा आणि भोपळ्याचं सामसा मिळतं. सामसा घेताना ‘गोश्त?’ असं विचारून खात्री करा, भोपळ्याच्या सारणातही कधी चरबी घालतात. पुलावाच्या कढईत मांस असतंच. ते बाजूला काढून दिलं तरी भात त्याच चरबीत शिजलेला असतो. सुट्टे सोम (तिथलं चलन) जवळ ठेवा, बाजारातल्या स्वच्छतागृहाला तेच लागतात. बाजारातून बाहेर पडलात की सर्कसची इमारत दिसते, १९७६ ची, निळ्या घुमटाची. बाहेरून पाहून पुढे गेलात तरी हरकत नाही.

पहिला दिवस इथे संपवा. एका दिवसात यापुढे काही कोंबू नका.

दुसऱ्या दिवशी गाइडची गरज नाही. दुपारी चारनंतर मेट्रोने खल्कलार दोस्तलिगी स्थानकावर जा. लोकमैत्री महाल १९८१ चा, रोझानोव यांचाच, सुमारे चार हजार आसनांचा. इथे पंजरा इतकी जाड आणि थरांची झाली आहे की ती जाळी न राहता शिल्पच होते. समोर शोमहमूदोव दांपत्याचं स्मारक आहे. हा लोहार आणि त्याची बायको बाहरी, या दोघांनी युद्धात अनाथ झालेली, वेगवेगळ्या वंशांची डझनाहून जास्त मुलं वाढवली. २००८ मध्ये हे स्मारक शहराबाहेर हलवलं होतं आणि २०१८ मध्ये परत आणलं. महालाचं नावही मधल्या काळात बदललं होतं, तेही परत आलं.

त्याच मार्गाने पुढे चिलान्झार. इथे नकाशा बाजूला ठेवून घरांच्या टोकाच्या भिंती बघत चाला. प्योत्र, निकोलाय आणि अलेक्सांद्र या झारस्की बंधूंचं मोझेक या भिंतींवर आहे. शहरभरात दोनशेहून अधिक इमारतींवर त्यांचं काम असल्याचं सांगितलं जातं. हे मोझेक उभ्या भिंतीवर चढून लावलेलं नाही. घरबांधणी कारखान्यात साच्याच्या तळाशी तुकडे पालथे मांडायचे, वर काँक्रीट ओतायचं आणि तयार पॅनेल क्रेनने उभं करायचं, अशी पद्धत. म्हणून चित्राला पॅनेलच्या सांध्यांच्या आडव्या-उभ्या रेषा दिसतात. सांधा चित्राच्या मधून गेला असेल तर त्याला दोष मानू नका. कलाकाराने सांधे धरूनच आकृती आखली आहे का ते पाहा, चांगल्या भिंतींवर ते स्पष्ट कळतं. काय बिघडतं तेही दिसेल: सांध्यातून पाणी शिरून तुकडे सुटतात, रहिवासी मोझेकमध्येच भोक पाडून एसीची नळी काढतात, आणि डागडुजीच्या नावाखाली काही भिंती सरळ रंगवून टाकल्या आहेत. लोकांच्या घरांच्या भिंती आहेत, अंगणात शिरताना नमस्कार करा. ‘सलाम अलैकुम’ पुरतं, आणि पुष्कळदा आजीबाईच पुढची भिंत कुठे आहे ते दाखवतात.

मध्यवर्ती भागात ‘झेमचुग’ ही सोळा मजली इमारतही जमल्यास पाहा, १९८५ ची, ओफेलिया आयदिनोवा यांची. जुन्या मोहल्ल्यातलं अंगण दर तीन मजल्यांना एक असं उंचावर नेऊन ठेवायचा हा प्रयोग. आत रहिवासी राहतात, कुणी बोलावल्याशिवाय वर जाऊ नका. चांगल्या गाइडची इथे ओळख असते, म्हणून ही इमारत हवी असेल तर पहिल्याच दिवशी त्याला विचारून ठेवा.

फसगतीच्या आणखी काही जागा. नव्या पत्र्यांनी किंवा आरशासारख्या काचेने मढवलेल्या बऱ्याच इमारती मुळात सोव्हिएत आहेत, आणि दगडी दिसणारा एखादा महाल २००९ चा असू शकतो. अमीर तैमूर चौकातला फोरम महाल याचंच उदाहरण. गाइडने वर्ष सांगितलं की ‘दर्शनी भाग मूळचा का?’ हा उपप्रश्न विचारत जा. काही इमारती आता नाहीतच. १९८२ चं दोम किनो हे चित्रपटगृह २०१७ मध्ये पाडलं, आणि त्यावर झालेल्या हळहळीनंतर या वास्तूंच्या जतनाची चर्चा जोरात सुरू झाली. २०२१ पासून तिथल्या कला व संस्कृती विकास संस्थेने आधुनिक वास्तुकलेचं सर्वेक्षण हाती घेतलं आणि बऱ्याच इमारतींना संरक्षण मिळालं. जुन्या यादीवरून फिरणारा गाइड तुम्हाला मोकळ्या जागेसमोर उभा करू शकतो.

रस्त्याच्या कडेने पाट वाहतात, तिथे त्यांना अरीक म्हणतात. उघडे, हातभर खोल, आणि पानांनी भरले की दिसत नाहीत. वर बघत चालणाऱ्या पर्यटकांचे पाय मुरगळतात ते यातच. आई-बाबांना कडेने चालू देऊ नका, संध्याकाळी तर मुळीच नाही. रस्ते आठ-आठ पदरी आहेत, ओलांडायला भुयारी मार्ग शोधा. सोयीसाठी यांडेक्स अॅप घेऊन ठेवा. दोन थांब्यांमधलं अंतर जास्त वाटलं तर गाडी स्वस्तात आणि लगेच मिळते.

गाइड ठरवताना गट दहाच्या आत आहे ना ते बघा, रस्त्याच्या गोंगाटात त्याहून मोठ्या गटाला ऐकू जात नाही. शाळा-विद्यापीठांत हिंदी शिकवत असल्याने ताश्कंदमध्ये हिंदी बोलणारे गाइडही मिळतात. आई-बाबांसाठी ती मोठी सोय आहे, पण त्याला ‘सोव्हिएत आधुनिक वास्तू’ हा विषय येतो का ते आधी विचारा, नाहीतर फेरी बाजार आणि पुलावाकडे वळते. शास्त्रीजींचा पुतळा त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आहे. तो या पायी मार्गावर येत नाही, गाडीने वेगळा अर्धा तास काढा.

तिसरा दिवस निघाला तर शहराबाहेर, सुमारे ४५ किलोमीटरवर परकेंटजवळ ‘सूर्य’ संकुल आहे, १९८७ चं. डोंगरउतारावरचे ६२ आरसे सूर्याबरोबर फिरतात आणि ५४ मीटर उंचीच्या अंतर्वक्र आरशावर किरण टाकतात. केंद्राशी तापमान ३,००० अंशांपर्यंत जातं. ढगाळ दिवशी जाऊ नका. ती संशोधन संस्था आहे, त्यामुळे परवानगी किंवा भेटीची वेळ गाइडकडून आधी ठरवून घ्या, आणि परतीची गाडी थांबवूनच ठेवा, कारण तिथून परत यायला टॅक्सी सहज मिळत नाही.